विश्लेषण : कच्च्या कैद्यांच्या सुटकेचा कायदा कुठे अडतो?

देशातल्या तुरुंगांत २०२२च्या अखेरीस ५ लाख ७३ हजारांहून अधिक कैदी होते. त्यातले ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्यावरचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे. हे प्रमाण सुमारे ७६ टक्के होतं. २०१४ मध्ये ते ६८ टक्क्यांच्या आसपास होतं. या काळात त्यांच्या सुटकेसाठी कायदा होता. तरीही टक्का वाढला.

जुनी तरतूद काय होती?

फौजदारी प्रक्रिया संहितेत २००५च्या दुरुस्तीने कलम ४३६-अ आलं. फाशीची शिक्षा असलेले गुन्हे वगळता, कमाल शिक्षेच्या निम्मा काळ तुरुंगात काढलेल्या कच्च्या कैद्याला सोडावं, असं ते सांगत होतं. पण दिवस कोणी मोजायचे, अर्ज कोणी करायचा, हे त्यात नव्हतं. ज्याला वकील परवडत नाही, त्याचा हिशेब कोण मांडणार? २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायिक अधिकाऱ्यांना तुरुंगात जाऊन असे कैदी शोधायला सांगितलं. २०१५ मध्ये जिल्हावार आढावा समित्या नेमायचा आदेश दिला.

नव्या कायद्यात काय बदललं?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने यातून एक धडा घेतला. कलम ४७९ नुसार अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर आहे. पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्याला एक तृतीयांश काळातच सुटता येतं. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे जुन्या प्रकरणांनाही लागू केलं.

मग अडचण कुठे?

त्याच कलमाने दुसरं दार लोटून घेतलं. जन्मठेपेचे गुन्हे वगळले. एकाहून अधिक गुन्हे किंवा प्रकरणं प्रलंबित असतील तर लाभ नाही. एकाच एफआयआरमध्ये दोन-तीन कलमं लावली जाणं तर नेहमीचंच.

पुढे काय हवं?

विमान अपघातानंतर कोणता भाग निकामी झाला, याचा शोध घेऊन अहवाल निघतो. इथे कायदा अपयशी ठरला की नवा आदेश येतो. जुना कुठे तुटला, हे मात्र लिहिलं जात नाही. म्हणून प्रत्येक तुरुंगाने दरमहा चार आकडे जाहीर करावेत : पात्र किती, अर्ज किती, सुटले किती आणि उरलेले कशामुळे अडले. चौथा आकडा सर्वात महत्त्वाचा. पुढची दुरुस्ती त्यावरूनच व्हायला हवी.