वॉटरकलर गोधडी आणि कपाटातल्या साड्या



मोबाईलवर वॉटरकलर क्विल्टचे व्हिडिओ बघून आपल्यातल्या बऱ्याच जणींना ती करावीशी वाटते. जरूर करा. पण त्यासाठी नवीन कापड आणू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

नाव वॉटरकलर असलं तरी यात ना रंग, ना ब्रश. फुलाफुलांच्या सुती कापडाचे २ इंची चौकोन कापायचे आणि फिकटाकडून गडदाकडे असे जुळवत जायचे. लांबून पाहिलं की जोड दिसत नाहीत, जलरंगातलं चित्र वाटतं. इंग्लंडच्या डिअर्ड्री अॅम्सडेन यांनी अशा कामाला 'कलरवॉश' म्हटलं. पुढे १९९३ मध्ये अमेरिकेत पॅट मॅगारेट आणि डॉना स्लसर यांचं 'वॉटरकलर क्विल्ट्स' हे पुस्तक आलं.

आता हिशोब बघा. २० गुणिले २० म्हणजे ४०० चौकोन. शिवणीत पाव-पाव इंच गेलं की ३० इंची चौरस तयार होतो. या सगळ्याला ४४ इंच पन्ह्याचं कापड लागतं जेमतेम १ मीटर. पण चित्र उठायला प्रकार हवेत शंभरेक. दुकानातून १०० प्रकार पाव-पाव मीटर आणले तर २५ मीटर झाले. उरलेलं २४ मीटर कपाटात. याला परिग्रह नाही तर काय म्हणायचं?

त्यापेक्षा दहा जणी जमा. प्रत्येकीने घरातल्या जुन्या साड्या, फ्रॉक, चादरी यांतले दहा प्रकार काढावेत आणि प्रत्येकाचे ४० चौकोन कापावेत. वाटून घेतले की प्रत्येकीकडे १०० प्रकारांचे ४०० चौकोन! फिकी छटा कमी पडली तर कापडाची उलटी बाजू वर घ्या. रेशीम मात्र नको. कोषातल्या जिवांचं काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे.

"जुनं कापड टिकत नाही," असं काही जणी म्हणतील. खरं आहे, पण सगळी साडी सारखी विरत नाही. आत खोचलेला भाग बराच मजबूत असतो. उजेडात धरून बघा आणि तेवढाच घ्या.

खरी अडचण कापडाची नाही, मनाची आहे. माझ्या सासूबाईंच्या चौदा सुती साड्या ट्रंकेत आहेत. नणंद म्हणते, "वहिनी, आईच्या साडीला कात्री लावायची नाही." तिचं दुःख मला कळतं. पण वर्षातून एकदा ऊन दाखवून परत घडी घालायची, ही आठवण की मोह? सासूबाईंनी स्वतः जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवून नातवंडांना पांघरल्या. तेरा साड्या नणंदेने ठेवाव्यात आणि एकीचे चौकोन कापू द्यावेत, एवढंच मी मागितलं आहे. तिचा होकार अजून नाही आणि तो येईपर्यंत कात्री लागणार नाही. दुसऱ्याचं मन दुखवून केलेली गोधडी ऊब देत नाही.

तोवर माझ्या स्वतःच्या साड्या आहेतच. या चातुर्मासात दुपारी कोण कोण बसणार, सांगा. येताना कात्री आणि दहा प्रकार आणा, दुकानाची पिशवी नको.