समुपदेशनातला उपदेश

पर्यवेक्षित प्रात्यक्षिकाची आमची सारी तयारी इंग्रजीतून झाली. समोर बसणारी बाई मात्र 'कशातच जीव रमत नाही' एवढेच म्हणणार. त्यावर 'नैराश्य' असा शिक्का मारून मोकळे होणे हा आम्हांला पहिला अपराध वाटतो. कार्ल रॉजर्स यांनी १९४२ च्या आपल्या ग्रंथात एका अशिलाच्या आठही बैठकी ध्वनिमुद्रणावरून शब्दशः छापल्या. त्याच धर्तीवर आम्ही आपसांतल्या सराव-मुलाखती मराठीत उतरवून काढल्या, तो तिसऱ्याच वाक्याला 'असं करून बघा ना' सापडले! (शब्दाच्या पोटातच 'उपदेश' दडलेला, दोष कुणाला द्यावा?) पर्यवेक्षकांपुढे सर्वांत आधी ठेवायला हवे ते हेच पान, आणि आम्ही नेमके तेच गाळायला निघालो होतो.