जर्मन अंकांची मराठी वाट

जर्मन शिकणारा मराठी विद्यार्थी एकविसापाशी अडखळतो, तो बहुधा इंग्रजीच्या वाटेने तेथे गेल्यामुळे. 'आइनउंडत्स्वान्त्सिश' म्हणजे 'एक आणि वीस'. आपल्या 'एकवीस'चाच क्रम! १२५ देखील 'शंभर, पाच आणि वीस'. किंबहुना जर्मन अधिक सरळ. एकोणतिसातील वजाबाकी तेथे नाही, 'नऊ आणि वीस'च. वर्गांनी ही उजळणी मराठीतूनच करून घ्यावी.

खरी कसोटी श्रुतलेखनाची. 'सात आणि चाळीस' ऐकताच नवखा आधी ७ लिहून मोकळा होतो आणि ४७ चे ७४ होतात. खातेक्रमांकात हे परवडणारे नाही. तेथे एकेक अंक सुटा सांगण्याची विनंती करावी. दूरध्वनीवर जर्मन मंडळीही पुष्कळदा 'त्स्वाय'ऐवजी 'त्स्वो' म्हणतात. कारण दोनचा 'त्स्वाय' आणि तीनचा 'द्राय' त्यांच्याही कानांना फसवतात.