गुणसूत्रांतील बिघाड म्हणजे वंशदोष नव्हे

तीव्र रक्तकर्करोगाच्या अहवालात ‘गुणसूत्रांत बिघाड’ हे शब्द वाचले की अनेक कुटुंबे त्यास वंशदोष समजतात आणि मुलामुलींच्या सोयरिकीच्या चिंतेने आजारच झाकून ठेवतात. हा समज निराधार आहे. बहुतेक रुग्णांत हा बिघाड जन्मतः नसतो. तो पुढे अस्थिमज्जेतील पेशींत घडतो आणि संततीकडे जात नाही.

उलट, हाच बिघाड उपचारांची दिशा दाखवितो. प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात १५ व १७ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे आपापसांत बदलतात, हे जॅनेट राउली यांनी १९७७ मध्ये दाखविले. त्यातून निर्माण होणारे सदोष प्रथिन पेशींना परिपक्व होऊ देत नाही. ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनविलेले ट्रेटिनॉइन आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड ही औषधे नेमका त्याच प्रथिनावर घाव घालतात. एकेकाळी अत्यंत घातक असलेला हा आजार आज वेळेवर उपचार झाल्यास बहुसंख्य रुग्णांत बरा होतो.

मात्र आरंभीच्या दिवसांत रक्तस्रावाचा धोका मोठा असतो. हिरड्यांतून रक्त येणे, अंगावर काळेनिळे डाग, न उतरणारा ताप यांस उपवासाचा अशक्तपणा मानून पारण्याची वाट पाहू नये. त्याच दिवशी रक्ततपासणी करावी आणि रोगाची शंका येताच रक्तविकारतज्ज्ञांकडे गुणसूत्र-तपासणीविषयी विचारणा करावी.