पंचावन्नाव्या वर्षीचा विद्यार्थी

वाचकहो, या सदरातून आम्ही बहुधा इतरांच्या चुका दाखवीत आलो आहोत. शिक्षकाच्या पेशाला ती खोड जडतेच. या महिन्यात मात्र स्वतःचीच एक चूक पदरी घेऊन लिहावयास बसलो आहोत.

पावसाळ्याच्या आरंभी आमच्या सीमाभागातील सरकारी मराठी शाळेत एक तरुण शिक्षिका रुजू झाल्या. वय अवघे पंचवीस. पाचवीच्या मुलांना निबंध लिहावयास देताना त्यांनी एक नवीच रीत सुरू केली. पहिल्या दिवशी मुलांनी घरात जसे बोलतात तसे लिहावयाचे, त्यावर लाल शाई फिरवावयाची नाही. आणि दुसऱ्या दिवशी मुलांनीच तो मजकूर पुस्तकी मराठीत उतरवावयाचा. एक वही आमच्या हाती आली. पहिलेच वाक्य होते, "आमची आज्जी चुलीम्होरं बसून भाकऱ्या करायली." आमचा हात सवयीने खिशातल्या लाल लेखणीकडे गेला.

"बाई, असले मराठी लिहावयास शाळा कशाला हवी?" आम्ही म्हणालो.

त्या शांतपणे म्हणाल्या, "गुरुजी, एकदा वर्गात येऊन बसाल का?"

आम्ही वेळ नसल्याचे सांगितले. वेळ होता. परंतु तीस वर्षे शिकविल्यावर पंचविशीतल्या मुलीच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसणे आमच्या मनाला रुचेना, हे खरे कारण होते.

त्या रात्री मन रमविण्यासाठी आम्ही चित्रांचा एक जुना संग्रह काढून बसलो. मूळ चित्रे पाहण्याचा योग आम्हांस आलेला नाही; छापील प्रतिकृतींवरच आम्ही तहान भागवितो. पाने उलटता उलटता फ्रेंच चित्रकार कामीय पीसारो याच्यापाशी थांबलो, आणि मन रमण्याऐवजी अधिकच अस्वस्थ झाले. का, ते समजण्यासाठी या माणसाचे चरित्र थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे.

पीसारोला आपण फ्रेंच म्हणतो. पण त्याचा जन्म फ्रान्समध्ये झाला नाही. १० जुलै १८३० रोजी वेस्ट इंडीजमधील सेंट टॉमस या बेटावर तो जन्मला. ते बेट तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते. वडील बोर्दो शहराकडून आलेले, पोर्तुगीज ज्यू वंशाचे व्यापारी. घरात फ्रेंच भाषा, बंदरावर नाना देशांच्या बोल्या आणि राज्य डॅनिश. पुढे ज्याने फ्रान्सची शेते आणि गावे आयुष्यभर रंगविली, तो हा माणूस अखेरपर्यंत डेन्मार्कचाच नागरिक राहिला. राज्य एकाचे, भाषा दुसरी आणि जीव जडलेला तिसरीकडेच, ही अवस्था आपणा सीमेवरच्या वाचकांना निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

बाराव्या वर्षी त्याला पॅरिसजवळच्या एका निवासी शाळेत धाडण्यात आले. सतराव्या वर्षी तो परतला आणि वडिलांच्या पेढीवर कारकुनी करू लागला. बंदरावर माल उतरत असे, हा त्याची नोंद करीत असे आणि सवड मिळताच हमालांची व गलबतांची रेखाटने काढीत असे. फ्रिट्स मेल्बी नावाचा एक डॅनिश चित्रकार त्याला भेटला. १८५२ मध्ये त्याच्यासोबत तो व्हेनेझुएलास निघून गेला आणि दोन वर्षे चित्रे काढीत राहिला. शेवटी घरच्यांनी हात टेकले. १८५५ मध्ये पीसारो पॅरिसला आला तो कायमचाच.

तेथे कामीय कोरो हा थोर निसर्गचित्रकार त्याला मार्गदर्शक लाभला. त्या वेळी सरकारमान्य वार्षिक प्रदर्शनात चित्र लागले तरच चित्रकाराला मान आणि गिऱ्हाईक मिळे. तेथे चित्रे मांडताना पीसारो आपल्या नावापुढे 'कोरोचा शिष्य' असे लिहीत असे. त्याची ही पहिली शैली गंभीर आहे. माती, करडा, गडद हिरवा असे रंग. कित्येकदा ते कुंचल्याऐवजी सुरीने जाड थापलेले. पाँत्वाझ गावाजवळची टेकडी, तिच्यावरची कौलारू घरे आणि चढणीची वाट त्याने १८६७ च्या सुमारास रंगविली. त्या चित्रांत नटवेपणा नाही. खेडे जसे असते तसेच आहे.

याच काळात त्याने झ्युली व्हेले हिच्याशी संसार मांडला होता. ती त्याच्या आईच्या घरी कामाला असलेली शेतकरी कुटुंबातील मुलगी. घरच्यांना हा संबंध मान्य नव्हता. विवाह विधिवत लागला तो १८७१ मध्ये, इंग्लंडात. त्यांना आठ अपत्ये झाली आणि दारिद्र्याने या घराची संगत पुष्कळ वर्षे सोडली नाही.

विवाह इंग्लंडात होण्याचे कारण युद्ध. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. लूव्हसिएन गावातले घर तसेच सोडून पीसारो मुलाबाळांसह लंडनला गेला. तेथे क्लोद मोने हा मित्रही आला होता. दोघांनी मिळून टर्नर आणि कॉन्स्टेबल यांची चित्रे पाहिली. धुके, पाऊस आणि उजेड कसा रंगवावा याचा विचार केला. १८७१ मध्ये घरी परतून पाहतो तो काय? प्रशियन सैनिकांनी घराचा तळ केला होता आणि अंगणातला चिखल तुडवावा लागू नये म्हणून त्याचे कॅनव्हास पायपुसण्यांसारखे अंथरले होते. वीस वर्षांत काढलेल्या सुमारे पंधराशे चित्रांपैकी चाळीसएकच उरली, असे सांगतात. पीसारो तेव्हा चाळिशी ओलांडलेला होता. एवढ्या आघाताने दुसरा कोणी कुंचला टाकून बसला असता. त्याने पुन्हा पाँत्वाझ गाठले आणि नव्याने आरंभ केला.

येथून त्याची दुसरी शैली सुरू होते. काळा रंग त्याने जवळजवळ वर्ज्य केला. सावली काळी नसून निळसर वा जांभळट असते, हे उघड्या रानात बसून रंगविणाऱ्यालाच दिसते. रंग उजळले, कुंचल्याचे फटकारे तुटक आणि चपळ झाले. हीच पुढे दृक्प्रत्ययवाद म्हणून गाजलेली चित्रपद्धती. मोने, रन्वार, देगा, सिस्ली आदी मंडळींनी सरकारी प्रदर्शनाकडे पाठ फिरवून १८७४ मध्ये आपले स्वतंत्र प्रदर्शन भरविले. त्यांच्या मंडळाची नियमावली पीसारोने पाव भाजणाऱ्यांच्या एका संघाच्या नियमांवरून बेतली होती. प्रदर्शनाच्या अवघ्या काही दिवस आधी त्याची लहान मुलगी वारली. तरीही त्याची पाच चित्रे भिंतीवर लागली. त्यांतील पहाटेच्या हिमकणांनी पांढरे झालेले शेत पाहून एका टीकाकाराने, हे तर मळक्या कापडावर रंगांची खरवड थापली आहे, अशी टवाळी केली. या मंडळींची १८८६ पर्यंत एकूण आठ प्रदर्शने झाली. आठही प्रदर्शनांत ज्याची चित्रे होती असा चित्रकार एकच, पीसारो.

आणि तो शिक्षक होता! शाळेतला नव्हे, पण हाडाचा. पॉल सेझान हा तऱ्हेवाईक, चिडखोर तरुण १८७२ मध्ये त्याच्याजवळ येऊन राहिला. पीसारोने त्याला उघड्यावर नेऊन बसविले, काळा रंग सोडावयास लावला आणि मूळचे तीन रंग व त्यांपासून होणारे रंग एवढ्यांवरच भागवावयास शिकविले. सेझानने गुरूचे एक चित्र घेऊन त्याची नक्कलही करून पाहिली. पुढे गोगँदेखील याच गुरूपाशी शिकला. मेरी कॅसट ही अमेरिकन चित्रकर्ती म्हणे की, हा मनुष्य दगडांनासुद्धा चित्र काढावयास शिकवील.

आता ज्या प्रसंगासाठी हे सारे सांगितले त्याकडे येतो. १८८५ साल. पीसारो पंचावन्न वर्षांचा. दाढी पांढरी, नाव झालेले, चित्रे थोडीफार विकू लागलेली. अशा वेळी त्याची गाठ झॉर्झ स्यरा या तरुणाशी पडली. स्यराचे वय पंचवीस. त्याचा मित्र पॉल सिन्याक तर एकविशीतला. रंगांचा विचार शास्त्राने झाला पाहिजे, असे स्यराचे म्हणणे होते. शव्हरल हा रसायनज्ञ पॅरिसच्या गोब्लँ येथील गालिचे विणण्याच्या सरकारी कारखान्यात रंगकामाचा प्रमुख होता. काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार आली असता त्याने शोधून काढले की दोष रंगात नसून शेजारच्या धाग्यात आहे. एक रंग शेजारच्या रंगाचे रूप पालटतो. या विषयावरचा त्याचा ग्रंथ १८३९ चा. स्यराने त्यापुढे जाऊन ठरविले की रंग पाटीवर मिसळावयाचेच नाहीत. शुद्ध रंगांचे बारीक ठिपके शेजारी शेजारी द्यावयाचे आणि मिसळण्याचे काम पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर सोपवावयाचे. आपल्याकडचे धूपछाव वस्त्र ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे सहज कळेल. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या रंगाचा, आणि डोळ्यांना दिसतो तिसराच.

पीसारोने काय केले? तो या मुलाचा विद्यार्थी झाला. ज्या चपळ हाताने तो दोन तासांत आभाळ पकडीत असे, तोच हात ठिपक्यामागून ठिपका देत एकेका चित्रावर आठवडेच्या आठवडे खर्चू लागला. १८८६ च्या आठव्या प्रदर्शनात स्यराचे ते प्रचंड रविवारचे चित्र मांडले गेले. त्याच दालनात पीसारोची चित्रे होती, आणि त्याचा थोरला मुलगा ल्यूस्याँ याचीही. बाप आणि मुलगा एकाच वर्गात! मोने, रन्वार आणि सिस्ली त्या वर्षी प्रदर्शनात उतरलेच नाहीत. विक्रेता द्युराँ-र्‍युएल नाराज झाला. चित्रे कमी होऊ लागली आणि झालेली खपेनात. एराग्नी गावातल्या घरात चूल पेटण्याची पंचाईत. पत्नीचा त्रागा तर ओघानेच आला. त्या काळातील 'सफरचंदांची तोडणी' हे १८८८ चे चित्र आमच्या समोर आहे. झाडाखालची सावली निळ्या, गुलाबी, हिरव्या ठिपक्यांनी नुसती थरथरते आहे.

कथा येथेच संपली असती तर 'नवे तेच सोने' एवढाच तिचा बोध झाला असता. परंतु चार-पाच वर्षांनी पीसारोने ही पद्धती सोडली. ठिपक्यांच्या शिस्तीत निसर्गाची क्षणोक्षणी पालटणारी भावना पकडता येत नाही, चित्रातली हालचाल आणि जिवंतपणा हरवतो, असे त्याला प्रामाणिकपणे वाटले. १८९१ मध्ये स्यरा एकतिसाव्या वर्षीच वारला. पीसारो त्याच्या अंत्ययात्रेला गेला होता. ही पद्धती संपली, पण तिचे परिणाम कलेत पुढेही उमटत राहतील, असे त्याने मुलाला कळविले. म्हणजे सोडतानाही त्याने तिची निंदा केली नाही.

आणि त्या वर्षांतले शिक्षण वायाही गेले नाही. डोळ्यांच्या जुनाट दुखण्यामुळे त्याला वाऱ्याधुळीत बसणे अशक्य झाले, तेव्हा त्याने हॉटेलांच्या खोल्या भाड्याने घेतल्या आणि खिडकीतून शहरे रंगविली. १८९७ मध्ये पॅरिसच्या मोंमार्त्र रस्त्याची एकाच खिडकीतून चौदा चित्रे त्याने काढली. सकाळ, पाऊस, धुके, रात्रीचे दिवे. खाली घोडागाड्या आणि मुंग्यांसारखी माणसे. हात पुन्हा मोकळा झालेला दिसतो, पण रंगांचा शुद्धपणा आणि बारीक स्पर्शांची वीण स्यराच्या शाळेतून आलेली आहे, असे आम्हांस वाटते. १३ नोव्हेंबर १९०३ रोजी तो निवर्तला. पुढे १९०६ मध्ये, स्वतः आचार्यपदाला पोचलेल्या सेझानने एका प्रदर्शनाच्या यादीत आपल्या नावापुढे लिहिले, 'पीसारोचा शिष्य'. जो स्वतःला कोरोचा शिष्य म्हणवीत असे, त्याला हा मान मिळाला, यात आम्हांस मोठा न्याय दिसतो.

असो. दुसऱ्या दिवशी आम्ही पाचवीच्या वर्गात गेलो आणि मागच्या बाकावर बसलो. बाक लहान, आमचे गुडघे मोठे. मुले खुदुखुदु हसली. बाईंनी सर्वांना घरातल्या सकाळविषयी लिहावयास सांगितले आणि एक कोरा कागद आमच्यापुढेही ठेवला. 'आई' असा शब्द लिहून आम्ही थबकलो. आमची आई जाऊन पुष्कळ वर्षे झाली. गेली तीस वर्षे तिच्याविषयी आम्ही जे जे लिहिले ते 'स्वयंपाक करीत असे' अशा शुद्ध भाषेत. त्या कागदावर मात्र लिहिले गेले, "आई भाकऱ्या करायली." आणि एकाएकी तिचा आवाज कानी आला.

बाईंचे सर्वच आम्हांस पटले आहे असे नव्हे. शुद्धलेखनाची वही आठवड्यातून दोनदा तपासली गेली पाहिजे, हा आमचा आग्रह कायम आहे आणि त्यावर आमची चर्चा चालू आहे. मात्र दर गुरुवारी तिसऱ्या तासाला तो मागचा बाक आम्ही आमच्यासाठी राखून ठेवला आहे.