जबरी चोरीची शिक्षा आणि नागविलेल्याचा हक्क

इचलकरंजीचे कापड, हुपरीची चांदी आणि वडगावच्या बाजाराची रोकड हातकणंगले तालुक्याच्या रस्त्यांवरून रात्रीअपरात्री ये-जा करीत असते. या वाटेवर शस्त्राचा धाक घालून लुबाडणारा एका घराची पुंजी तर नेतोच, पण त्यासवे साऱ्या पेठेचा विश्वासही नेतो.

म्हणूनच भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०९ ने जबरी चोरीस १० वर्षांपर्यंत, आणि ती सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी हमरस्त्यावर घडल्यास १४ वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगितली आहे. परंतु नवल असे की, हा खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालू शकतो आणि त्यांस ३ वर्षांहून अधिक कैद देण्याचा अधिकारच नाही! अधिक शिक्षा उचित वाटल्यास प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे धाडण्याची सोय आहे. पण त्यांचीही मर्यादा ७ वर्षांची.

शिक्षा अपुरी झाली, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१८ अन्वये अपील करण्याचा अधिकार सरकारास आहे. ज्याची थैली गेली, त्यास मात्र नाही. आरोपी सुटला, सौम्य गुन्ह्याखाली दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर पीडितास अपील करता येते. शिक्षा अपुरी वाटल्यास नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली जुन्या संहितेचा हाच अर्थ सांगितला आणि नव्या संहितेने तोच मजकूर कायम ठेविला. पुनरीक्षणाची वाट आहे खरी, पण ती न्यायालयाची मर्जी होय, हक्क नव्हे.

यावर कोणी म्हणेल की, अशाने न्यायमंदिरात सूडबुद्धी शिरेल. सूड आम्हांसही नको आहे. प्रथमच घसरलेल्या तरुणास सकारण दया दाखविणे हेही न्यायाचेच अंग होय. शिवाय आरोपीचे म्हणणे ऐकल्यावाचून शिक्षा वाढविता येत नाही आणि त्या सुनावणीत त्यास निर्दोष सुटकाही मागता येते. मग भय कशाचे? इंग्लंडात १९८८ च्या कायद्याने महान्यायवादींस सौम्य शिक्षा वरिष्ठ न्यायालयापुढे नेता येते आणि तशी विनंती त्यांस कोणीही करू शकतो.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले आहे. तेव्हा मुंबई दूर, ही सबब आता उरली नाही. सरकारी वकिलांनी जबरी चोरीच्या प्रत्येक निकालाची प्रत फिर्यादीस द्यावी, अपील करावयाचे नसल्यास त्याची कारणे लेखी कळवावी, आणि संसदेने पीडितास हा हक्क द्यावा, इतकेच आमचे मागणे आहे. व्यापारी मंडळांनीही केवळ हळहळत न बसता अशी निवेदने धाडावी. साक्षीला बोलाविलेला मनुष्य शिक्षेच्या वेळी परका ठरावा, हे न्यायास शोभत नाही.