सेवार्थीचे स्वास्थ्य आणि आपले अध्यापन

१९३६ साली मुंबईच्या नागपाड्यात सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची शाळा सुरू झाली, तेव्हापासून आपल्या शिक्षणक्रमात क्षेत्रकार्याला मानाचे स्थान आहे; परंतु ज्या सेवार्थीसाठी हा सारा खटाटोप, त्याचे स्वास्थ्य कसे अजमावावे याचे शिक्षण मात्र आपण विद्यार्थ्यांस पुरतेपणी देत नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी अर्ज करणाऱ्या विधवेच्या घरी गृहभेट देऊन आलेला विद्यार्थी उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका आणि मुलांची वये यांचा तपशील बिनचूक टिपून आणतो, अनुदान मंजूर होताच प्रकरण निकाली निघाले असे समजतो, आणि त्या बाईच्या आयुष्यात त्यामुळे काय पालटले हे तिलाच विचारावयाचे राहून जाते.

ही उणीव भरून काढण्यास प्रमाणित प्रश्नावल्या उपलब्ध आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच प्रश्नांच्या श्रेणीत मागील दोन आठवड्यांतील प्रसन्नता, शांतता, उत्साह, झोपेनंतरची टवटवी आणि दैनंदिन जीवनातील गोडी यांना शून्य ते पाच गुण देऊन बेरजेस चाराने गुणले की शंभरांपैकी आकडा हाती येतो. साधन सुटसुटीत खरे. तथापि ज्या वस्तीत नळाला पहाटे तीन वाजता पाणी येते, तेथील स्त्रीने टवटवीच्या प्रश्नास शून्य दिले तर त्याचे कारण तिच्या मनात नसून पाणीपुरवठ्याच्या वेळेत असू शकते, आणि ‘बरे चालले आहे’ हे उत्तर मदत थांबेल या धास्तीनेही दिलेले असू शकते, हे ताडण्याची दृष्टी कोणतीही श्रेणी देत नाही. ती मार्गदर्शकानेच द्यावयाची असते.

मेरी रिचमंड यांनी १९१७ सालच्या ‘सोशल डायग्नोसिस’ या ग्रंथात पुरावा आणि अनुमान यांतील भेदाची जी शिस्त घालून दिली, तीच येथे उपयोगी पडेल. सेवार्थीचे शब्द जसेच्या तसे, श्रेणीतील गुण आणि विद्यार्थ्याचे स्वतःचे अनुमान यांची नोंद क्षेत्रकार्य अहवालात पृथक असावी. काही महिन्यांनी तीच चौकशी पुन्हा व्हावी. आणि निष्कर्ष प्रथम सेवार्थीस वाचून दाखवून त्याची हरकत असल्यास तीही नोंदवावी. येत्या सत्रापासून प्राध्यापकांनी क्षेत्रकार्याचे गुण देताना निव्वळ गृहभेटींची संख्या न पाहता या नोंदींची कसोशीने तपासणी करावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.